सत्याऐंशी की एक्क्याण्णव

हातमोजा दातात धरून मी पंपापुढे उभी,
ब्यूटच्या टेकडीवर, उणे अठरात.
तीन बटणं: पंच्याऐंशी, सत्याऐंशी, एक्क्याण्णव.
शेवटच्याला गॅलनमागे ऐंशी सेंट जास्त.

ड्वेन मेकॅनिक परवाच हसला होता:
"इंजिनाला जीभ नसते, लोरेटा.
पुस्तकात सत्याऐंशी लिहिलंय, सत्याऐंशी घाल.
उरलेल्या पैशांत आधी वायपर बदल."

पण ही ब्युइक बाबांची.
"महिन्यातून एकदा तरी हिला गोडाधोडाचं," म्हणायचे,
खाणीतून आलेल्या हातांनी बॉनेट थोपटत.
मागच्या सीटवर आम्ही पोरं खरं मानायचो.

मघाशी कार्ड शोधताना
कप्प्यात त्यांची वही हाती लागली.
तारीख, मैल, गॅलन, पैसे,
पेन्सिलीचं बुटकं अक्षर.
सत्याऐंशी. सत्याऐंशी. पानंच्या पानं सत्याऐंशी,
नाताळात, पगाराच्या दिवशीसुद्धा.

एकदाच फक्त, फेब्रुवारीत, रात्री दोन वाजता:
एक्क्याण्णव, टाकी फुल्ल.
पुढे एकच शब्द, मिझूला.
आईला तिथल्या इस्पितळात नेलं ती रात्र.
जणू महागड्या पेट्रोलनं
घाट थोडा आखूड होणार होता.

पंप टिकटिकतोय: निवडा.
मागच्या पिकअपमधला म्हातारा थांबलाय, हॉर्न न देता.
इथे कुणी देत नाही.

मी सत्याऐंशी दाबते.
वायपर खरंच बदलायला हवेत.
काच दोनदा पुसली,
तरी समोरचं धड दिसत नाही.