सोडलेले प्रश्न

पहिला नळ सहा तासांत टाकी भरतो,
दुसरा नऊ तासांत.
तिसरा तळाशी आहे, तो बारा तासांत रिकामी करतो.
आमच्या सिडकोत पाणी साडेपाचला येतं
आणि सव्वासहाला जातं,
म्हणून हे गणित मी रोज पाऊण तासात सोडवते,
एका हातात पाइप, दुसऱ्यात फ्लॅशकार्ड.
गर्विष्ठ माणसासाठी इंग्रजीत निदान अकरा शब्द आहेत.
आईला मी त्यातला एकही सांगितलेला नाही.

अंबडला माझं काम बुशिंग मोजायचं.
मायक्रोमीटरच्या दोन ओठांत धरायचं,
काटा जरा हलला की लाल ट्रे.
चार वर्षं मी नाकारत आलेय
चांगल्या दिसणाऱ्या, चकचकीत, गरम वस्तू.
आता मलाच कुणीतरी धरलंय.
गेल्या मॉकला एकाहत्तर पॉइंट चार पर्सेंटाइल.
म्हणजे शंभरातले एकाहत्तर जण माझ्या मागे,
आणि पॉइंट चार, तो कोण?
कुणाचे तरी गुडघ्यापर्यंतचे पाय,
माझ्या मागे रांगेत उभे.

कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत बत्तीस खुर्च्या,
एक कूलर, जो फक्त आवाज देतो,
आणि तलाठी भरतीवाला खैरनार.
सहा वर्षांत त्यानं खिडकीजवळची जागा सोडलेली नाही.
मला विचारतो, "तुमच्यात नाशिकवर काही येतं का?"
नाही येत.
देवमाशाच्या कानावर आठशे शब्दांचा उतारा येतो,
आणि खाली विचारतात, लेखकाचा सूर कसा आहे?
उपरोधिक, तटस्थ, हळवा, की सावधपणे आशावादी?

चारही पर्याय मी बाबांना लावून पाहते,
ते जेवता जेवता म्हणतात तेव्हा:
"कायम झालीस, पीएफ कापला जातोय,
मग आता हे कशाला?"
वरील युक्तिवादामागचं गृहीतक ओळखा.
सातपूरच्या तीन कंपन्या,
अकरा महिने झाले की ब्रेक, पुन्हा अकरा महिने,
असे एकोणीस वर्षं.
कायम हा शब्द त्यांनी घरात आणला
तो माझ्या नेमणूकपत्रावरून मोठ्यानं वाचून.
गृहीतक ओळखलं मी, नव्वद सेकंदांच्या आत.
पण वरण गार होत होतं,
आणि बाबांनी पर्याय दिलेले नव्हते.

शिंत्रे सर म्हणतात, सोडायला शिका.
बरोबर आला तर तीन, चुकला तर एक जातो,
सोडला तर काहीच जात नाही.
काहीच जात नाही
हे ते फळा पुसता पुसता म्हणतात,
खडूची धूळ त्यांच्या बाहीवर बसत असताना.
सरांनी स्वतः ही परीक्षा किती वेळा दिली
ते क्लासमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी मॉक संपवून गंगेवर गेले.
बाहेरगावच्यांसाठी गोदावरी, आम्हाला गंगाच.
नावेचं एक गणित डोक्यात अडकलेलं:
प्रवाहाबरोबर तीन तास, उलट्या दिशेनं पाच.
पायरीवर एक पोरगा, दहा-अकराचा,
दोरीला स्पीकरमधलं लोहचुंबक बांधून
रामकुंडात फेकत होता आणि ओढत होता.
दोन रुपये. एक रुपया. सेफ्टी पिन.
कुणाच्या तरी कपाटाची किल्ली, ती त्यानं परत फेकली.
मी विचारलं, "दहाचं नाही लागत?"
"दहाचं चिकटतच नाही, ताई.
त्याला बुडी मारावी लागते."
"मग मारतोस?"
त्यानं आधी माझ्याकडे, मग वर,
धरणाच्या बाजूला पाहिलं.
"वरून पाणी सोडलेलं नसलं तर."

अर्ज भरायची शेवटची तारीख बुधवार.
बुधवारी माझी सेकंड शिफ्ट.
मी त्याच्या शेजारच्या पायरीवर बसले,
वही उघडली, नावेखाली रेघ मारली.
त्यानं दोरी गुंडाळून ठेवली
आणि शर्ट काढायला लागला.