शेवटचा बाक

मोहननगरच्या मंडळीत आता अकरा जण,
पेटी वाजवणाऱ्या सुलभाबाई धरून.
मे महिन्यात कूलर लावला
की उपदेश ऐकू येत नाही,
बंद केला की पाळकच थांबतात.

ठराव झाला : तरुण कुटुंबं यावीत.
कशी, ते इतिवृत्तात नाही.

शमुवेलकाका गप्पच होते.
तीस वर्षं पोरांना ‘श्श’ करणारा माणूस,
शनिवारी करवत घेऊन आला
आणि शेवटच्या बाकाचे पाय
वीतभर कापले.
त्यावर बायकोच्या नावाची पाटी, स्मरणार्थ.
ती गुडघ्याला आली.

रविवारी इंदोऱ्याचं एक जोडपं.
ऐन प्रार्थनेत त्यांची पोरगी ओरडली,
“आई, हा माह्याएवढा हाय!”
कुणी मान वळवली नाही.
काकांनी तेवढा एक डोळा उघडला.

फरशीच्या फटीत अजून भुसा होता.