सूज नव्हे

घोट्याच्या पुढं, पावलाच्या पाठीवर, बाहेरच्या अंगाला.
बोटं वर ताणून धरा, मऊ सुपारी उठते.
एक्स्टेन्सर डिजिटोरम ब्रेव्हिस.
नाव मालगाडीएवढं, स्नायू बोटभर.
आम्ही ईडीबी म्हणतो.

दहावीत पाय मुरगळला तेव्हा
सिव्हिलमधल्या शिकाऊ डॉक्टरनं हिलाच सूज समजून
तीन आठवडे प्लास्टर घातलं.
प्लास्टर निघालं, सूज तिथंच.
दुसऱ्या पायालाही आहे की, आई म्हणाली.
दुसऱ्या पायाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

आता शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर
मी नसांचा वेग मोजतो.
आज हौसाबाई गांगुर्डे, निफाडच्या पलीकडून,
पहाटेच्या एसटीनं.
उजवी चप्पल चालता चालता गळते
आणि दहा पावलं गेल्यावर कळतं, म्हणाल्या.
आधी पाय शेकायला ठेवला.
गार नस हळू बोलते,
आणि निफाडची थंडी तळव्यापर्यंत मुरलेली.

डावी सुपारी टणक,
बुटात कधी न कोंडलेली.
उजवीवर अंगठा फिरवला.
आहे. जागची हलत नाही, पण आहे.

इलेक्ट्रोड तिच्यावरच चिकटवला.
घोट्यापाशी झटका: बोटं उडाली,
पडद्यावर रामशेजएवढा उंचवटा.
गुडघ्याच्या खाली: पुन्हा रामशेज.
मग चार बोटं वर,
नस हाडाच्या मानेला वळसा घालते
त्या वळणाच्या पलीकडून

माळरान.

दिवसभर बसता कशा?
त्यांनी टेबलावरच गुडघे दुमडून दाखवले.
अठरा दिवस, उकिडवं, ओल्या वाफ्यात,
चार-चार बोटांवर एकेक रोप,
एकरी ठरवून घेतलेली कांद्याची लागण.
हात पुढं सरकत गेले,
नस वळणावरच दबून राहिली.

रिपोर्ट मी लिहीत नाही, डॉक्टर लिहितात.
तरी बोललो: तुटलेली दिसत नाही, दबलीय.
खाली अजून जाग आहे.
पण उकिडवं बसायचं नाही.
किती दिवस?
दोन-तीन महिने तरी.
त्या हसल्या, जशी मी
कांद्यालाच थांबायला सांगितलं होतं.

जिन्यापाशी वळल्या,
डाव्या, चांगल्या पावलाकडे बोट करून म्हणाल्या,
ही सूज तेवढी उतरंना बघा.
महिना झाला, हळद लावतेय.