एक्केचाळिसावं घर

महिन्याला पन्नास घरं, पन्नास चिमटी मीठ.
बशीत घ्यायचं, बोटानं सपाट करायचं,
बाटलीतला एक थेंब टाकायचा
आणि रंगाची वाट बघायची.
गडद जांभळा आला तर पुरेसं आयोडीन,
फिकट आला तर कमी,
आलाच नाही तर रकान्यात शून्य.

बहुतेक घरांत येतो रंग.
दुकानातली पुडी असते, हसऱ्या सूर्याची.
बायका पोरांना हाका मारतात,
'ये रे, मीठ जांभळा होता ता बघ!'

एक्केचाळिसावं घर सत्यभामा आरोंदेकरचं.
शिरोड्याच्या खाडीकडे वाट संपते
आणि मिठागराचा बांध सुरू होतो, तिथे.
तीस वर्षं मीठ ओढलंय तिनं.
टाचांच्या भेगा पावसाळ्यातही मिटत नाहीत.
मीठ आणलं ते करटीतून,
जाडं, करडं, कडेला चिखलाची एक रेघ.

एक थेंब.
काही नाही.
मग दुसऱ्या बाटलीतला, मग परत पहिलीतला.
कोंबडी येऊन बशीत डोकावून गेली.
मीठ होतं तसंच.

'म्हंजे माझां मीठ खोटां काय गो?'

खोटं नाही गो मावशी.
पण कसं सांगू?
प्रशिक्षणात ऐकलेलं: पाणी आटतं,
मीठ खाली बसतं, आणि ते जे काय असतं
ते वाऱ्यावर जातं, नाहीतर उरल्या पाण्याबरोबर
परत खाडीत.
दारात समुद्र, आणि पुडी यायची ट्रकातून.

'मासे खातंस मां?'
'गावले तर.'

पाणी पी म्हटलं, मान वर करून.
तिनं पदर सरकवला. घोट गिळताना
गळ्याखालचं काहीतरी वर चढलं, मग उतरलं,
भरतीच्या पाण्यावर बांधलेली होडी चढते तसं.
काळ्या मण्यांची सर दोनदा वाढवून घेतलेली.
'सोनार म्हणालो, जाडी झालंस.'
मे महिना. ती घोंगडीत पाय घेऊन बसलेली.

आठवड्याने तिला केंद्रावर नेली.
गावातून लघवीचे नमुने जमवत होतो तेव्हा,
तिलाही बाटली दिली.
'मुतात काय बघतलंस गो? मीठ?'
तिच्यामागची सगळी रांग हसली, मीही.
खरं तर तेच बघतात.
पण तो आकडा एकट्याचा धरत नाहीत;
कुणी काल बांगडा खाल्ला, कुणी पेजच प्यायली,
सगळ्यांचे मिळून तो गावाचा होतो.
तिचा एकटीचा आकडा रक्तात होता.

टीएसएच अठरा.
डॉक्टरांनी गोळी लिहून दिली: उपाशीपोटी, पहाटे,
चहा नंतर.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ती जागली, इतकं मला माहीत आहे.
चाळीस किलो अजून तिच्या पडवीत आहे, गोणीत.
'ह्या मिठाचा काय करू? खाडयेत ओतू?'
सुकटीला लाव म्हटलं. कैऱ्या घाल.
आमटीत तेवढं पुडीतलं, आणि तेही शिजल्यावर.
तिनं मान हलवली, पण माझ्याकडे न बघता,
लग्न ठरलेल्या मुलीला सासरच्यांच्या अटी ऐकवाव्या,
तिच्या आईनं मान हलवावी, तशी.

संध्याकाळी घरी आले.
आमची बरणी चुलीशेजारी, उघडी, चमचा आतच.
किती महिने अशी आहे कुणास ठाऊक.
लोकांना सांगत हिंडते मी,
मीठ उघडं ठेवू नका, आचेजवळ ठेवू नका.

किटमध्ये मोजून नऊ घरांपुरतं उरलंय.
आमच्या घराला यादीत नंबर नाही.
पिशवी खुंटीला लावली.
सकाळी बेचाळिसावं, तांडेलांचं.
बरणीला झाकण मात्र शोधलं. सापडलं नाही,
म्हणून बशी पालथी घातली.