ही ओळ नसती तर

शिरोलीच्या फाउंड्रीत, दुसरी पाळी सुटल्यावर,
मी संगणकाला विचारलं:
परत आलेली साठ कास्टिंगं कुणाच्या हातची?
उत्तर आलं एका ओळीत.
अस्लम नायकवडी, मोल्डर, रात्रपाळी.

साहेब म्हणाले, झालं तर मग, प्रिंट काढा.
अस्लम दारात, भुवयांवर काळी वाळू.
"बाई, नाव आलंय ते मला बी दिसतंय.
का आलंय, ते विचारा की त्याला."

उत्तराला का विचारायची रीत
मला कुणी शिकवली नव्हती.
मी आपली एकेक ओळ झाकत गेले
आणि दर वेळी तोच प्रश्न नव्यानं.
अकराशे चार ओळी. बहुतेकींना नाव ओळखतही नव्हतं.

हजेरीची ओळ झाकली. नाव पुसलं गेलं.
म्हणजे त्या रात्री तो कामावर आला,
हेच अख्खं कारण!
अस्लम हसला. साहेब नाहीत.

वाळूचा ओलावा झाकला: नाव जागेवर.
रसाचं तापमान झाकलं: नाव जागेवर.
दोघी सुटल्या म्हणावं,
तर दोन तुळयांवरचं छप्परही
एक काढली तरी उभंच असतं की.
एक आधी उचलून ठेवली, मग दुसरीला हात लावला,
तेव्हा कुठं नाव खाली आलं.
प्रत्येकीच्या वाट्याला अर्धं कारण.
अर्धं कारण छापायचा रकाना आमच्याकडं नाही.

तापमानाचं कळलं. मध्यरात्री वीज गेली होती,
भट्टी निवली. विजेचा तक्ता
या प्रश्नाला कुणी जोडलाच नव्हता,
आणि भट्टी मोल्डरच्या ताब्यात नसते.

राहिला ओलावा. पाच पूर्णांक दोन.
वेळ पहाटे तीन दहा.
वरच्या ओळीतही पाच पूर्णांक दोन,
त्याच्या वरही.
नोंद करणाऱ्याच्या रकान्यात सु. बा.

डोळ्यांवर झोप होती. वरचा आकडा
खाली ओढला की भरतो आपोआप.

बाहेर कोल्हापूरकडं जाणारी शेवटची वडाप
हॉर्न देत थांबलेली.
साहेब म्हणाले, प्रिंटचं काय?

शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं बसतात.
मी लिहिलं:
भरणारी: सुजाता बाबर. वाळू मोजली नव्हती.
मावलं.