आवाजाचा पंचनामा

विमान कुणालाच दिसत नाही. ते गेलेलं असतं.
मग येतो आवाज,
वाळवंटाच्या पाठीत एकच धपाटा,
आणि माझं काम सुरू होतं.

गुरुवारचे अर्ज तेरा.
पेट्रोल पंपाची काच.
शाळेतला मासा (टाकी शाबूत, मासाच मेला).
डल्सी हॅनाफोर्डची कोंबडी अंड्यांवरून उठली
ती पुन्हा बसायला तयार नाही.
आणि झ्वोन्को बारिशिचचं छत.

छत म्हणजे टेकडीच.
इथले ओपल खणणारे उन्हाला भिऊन जमिनीत राहतात;
खणता खणता खोली होते,
काही सापडलं नाही की तिथं पलंग टाकतात.
त्यानं कॉफी ओतली. बशीत आधीच लाल माती होती.
ती फुंकून म्हणाला,
"तुमचं विमान. साखर वेगळी देतो."

मी फॉर्मचं दुसरं पान वाचून दाखवलं.
चाचण्या यशस्वी झाल्यास प्रवासी सेवा,
ॲडलेड ते युरोप, दोन तास दहा मिनिटं.
आपली हरकत आहे / नाही.
एकावर खूण करा.

"दोन तास दहा," तो म्हणाला.
"मला एकतीस दिवस लागले.
सुएझ बंद होता, आख्ख्या आफ्रिकेला वळसा.
निघताना भावाशी भांडलो होतो, कोयता उगारण्यापर्यंत.
बाविसाव्या दिवशी डेकवर उभा होतो
आणि कशावरून भांडलो तेच आठवेना.
पण जहाज काही वळत नाही, मिस."

मी म्हटलं, बरोबर आहे.
असल्या वेळी आम्हाला बरोबर आहे म्हणायला शिकवलंय.

"आई दोन मार्चला गेली. पत्र चोवीसला आलं.
मधले बावीस दिवस ती इथं होती.
त्या तिथं, मीठ ठेवतो त्या कोनाड्याजवळ.
मी तिला उंटाचं चित्र असलेलं पोस्टकार्डसुद्धा टाकलं."

वर कुठंतरी माती सुटली, दोन चमचे असेल.
आम्ही दोघांनी वर पाहिलं.
आवाज नव्हता. नुसती उशिरा पडली.

मग मारित्साचं निघालं, धाकटी बहीण, शिबेनिकला असते, आता एक्क्याऐंशीची.
दर रविवारी फोन. ती म्हणते, ये.
हा म्हणतो, लांब आहे गं.
ती म्हणते, हो, लांब आहे.
"पन्नास वर्षं ह्या एका वाक्यावर काढली आम्ही.
भाऊ गेला. घर विकलं. बाग विकली.
प्रत्येक वेळी लांब होतं.
आता तुम्ही म्हणता दोन तास.
मग रविवारी तिला काय सांगू?"

तो माझ्याकडे असं बघत होता
जणू उत्तर फॉर्ममागे छापलेलं असेल.
मी फॉर्म उलटून पाहिलाही.
माझे वडील पोर्ट ऑगस्टाला राहतात. गाडीनं सहा तास.
हे मी त्याला सांगितलं नाही.

"हरकत आहे, लिहा."
मी लिहिलं.
"नको, खोडा."
खोडलं.
"तिकीट किती असेल?"
अजून ठरलेलं नाही, म्हटलं, विमानच ठरलेलं नाही.
त्याला बरं वाटलेलं दिसलं.
लगेच वाईटही.
"पैसे छताला घालू नका," तो म्हणाला, "छत मी लिंपतो.
बाजूला ठेवा म्हणावं."
मग स्वतःच: "नको. छतालाच द्या."

साहेब खाडाखोड चालवून घेत नाहीत.
पण दुसरा फॉर्म मी आणला नव्हता.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
अर्जदार विचार करत आहेत.

नुकसान: स्वयंपाकघराच्या छतास एक भेग.
लांबी दोन हात.
खोली: बोट घालून पाहिलं.
पोचत नाही.