अपूर्ण वर्तमानकाळ

पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत
शिवणयंत्रं दुरुस्त करतात त्या दुकानावर
मंगळवार-शुक्रवार, सात वाजता, स्पॅनिशचा वर्ग.
जिन्याला मशीनच्या तेलाचा वास.
वसईच्या फ्लोरिंडाबाई परेरा खडू घरून आणतात,
म्हणतात, इथले लगेच मोडतात.

सॅव्हियोला जहाजावरच्या लाँड्रीत नोकरी लागलीय.
हेतलबेनना व्हॅलेन्सियाहून टाइल्स मागवायच्यात.
मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, सहज.
खोटं बोलायला सहज हा शब्द बरा पडतो.

आज फळ्यावर: एस्तोय. मी आहे.
कायमचं असण्याला वेगळं क्रियापद, बाई म्हणाल्या,
हे आपलं आत्तापुरतं, खुर्चीत टेकल्यासारखं.
आमच्याकडे सगळ्याला एकच आहे.
देव आहे. चहात साखर आहे.

मग शेपटं. आन्दो. इएन्दो.
एस्तोय कोमिएन्दो.
सॅव्हियोने अर्थ सांगितला, मी जेवतोय.
हेतलबेन म्हणाल्या, मी जेवतेय.
फळ्यावर ओळ मात्र एकच.
बाई पुसायला वळल्या तेवढ्यात मी हात वर केला.
"बोलणारं माणूस बदललं तर शेवट बदलतो का?"
"छे हो. जो कुणी ताटावर बसेल त्याचं कोमिएन्दो."
आणि पुसून टाकलं. बाहीवर खडूची पूड.

माझ्या भाषेत तोंड उघडलं
की ओठांपाशीच जकातनाका:
तोय की तेय?
घरच्यांनी बत्तीस वर्षं एक उत्तर ऐकलंय.
दुसरं जिभेखाली आहे, खडीसाखरेसारखं,
विरघळतही नाही.
म्हणून मी वळणाचे रस्ते पाठ केलेत.
काम सुरू आहे. निघणं होतंय. बघायला हवं.
चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना वाटतं
काय शुद्ध मराठी आहे!

तासाच्या शेवटी दोन हट्टी क्रियापदं,
झोपणं आणि मरणं.
दोघांच्या पोटातला ओ दबून उ होतो.
दुर्मिएन्दो. मुरिएन्दो.
दुसऱ्याला मला हसू आलं, मोठ्याने, भर वर्गात.
डोळ्यांपुढे भांडुपच्या घरातली बरणी,
तोंडाला फडकं बांधलेली, फळीवर मागे सरकवलेली.
मरतंय की मुरतंय
हे बरणीला कुणी विचारलंय?

गृहपाठ, दहा वाक्यं.
आत्ता जे चाललंय तेवढंच. उद्याचं लिहायचं नाही.
आपल्याकडे कसं, पुढच्या महिन्यातलं लग्नसुद्धा
"येतोय ना!" म्हणून आज उरकता येतं.
यांच्यात ते खपत नाही.

रात्री ओट्यावर वही ठेवून लिहिलं:
एस्तोय एस्क्रिबिएन्दो.
एस्तोय एस्पेरान्दो.
वाट बघणं आणि आशा धरणं
यांनी एकाच शब्दात भागवलंय, काटकसरी लोक.
मोठ्यांदा म्हणून पाहिलं.
नाक्यावर कुणी नव्हतं.
सातवं वाक्य लिहून होईस्तोवर
खोलीत कुणीही नव्हतं माझ्याशिवाय,
आणि मी, खरं सांगायचं तर,
पहिल्यांदाच.

मग पान उलटलं. शुक्रवारचा धडा, विशेषणं.
एस्तोय कान्सादो. एस्तोय कान्सादा.
थकण्यालाही दोन शेपटं.
बाजूला चित्रं, एक मिशीवाला, एक वेणीवाली,
दोघंही खुर्चीत, दोघांच्याही जिभा बाहेर.
म्हणजे नाका आहेच.
थोडा पुढे आहे, एवढंच.

कुकर उघडून भात वाढून घेतला.
फोन वाजला. आईने विचारलं,
"काय करत—" पुढचं अक्षर मी इथे लिहिणार नाही.
"एस्तोय कोमिएन्दो."
"काय मियेंदो?"
"जेवण चाललंय."
"हे काय सरकारी पत्रासारखं बोलणं तुझं!
लोणचं घेतलंस का? मुरलंय आता चांगलं."
"घेतलं."
"बरं. जेव मग."

जेव.
फोन ठेवल्यावरही कितीतरी वेळ
मी तो शब्द उलटून पालटून पाहिला.
शेवटी काहीच लावलेलं नव्हतं तिने.